तात्याबाची माती

हिरवाई कॉलनीत यापुढं मातीचा कण दिसता कामा नये, रस्ता भिंत ते भिंत पेव्हिंग ब्लॉकनं झाकून काढायचा, असा ठराव ज्या सभेत झाला त्या सभेला कृष्णातराव शेवाळे जातीनं हजर होते. पण दुपारची जेवणं झालेली, डोक्यावर पंखा, आणि बोलायला उभे राहिलेले आप्पासो देसाई. कृष्णातरावांची मान छातीवर गेली, दचकून वर आली, परत खाली गेली. आप्पासोंनी भाषण तिथंच थांबवून जाहीर केलं, "शेवाळेसाहेबांचीबी संमती हाय, बघा, मान डोलावत्यात!" ठराव एकमतानं पास झाला. टाळ्यांनी कृष्णातराव जागे झाले आणि रीतीप्रमाणं त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

आपण कशाला टाळ्या वाजवल्या हे त्यांना घरी आल्यावर कळलं. तिथून पुढचा महिना त्यांनी आपल्या त्या दोन हातांना माफ केलं नाही.

कराडातून पाटणच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला ही हिरवाई कॉलनी येते. नाव ठेवलं तेव्हा चारी बाजूंना ऊस होता, त्यामुळं नाव ठेवणाऱ्याला खोटारडा म्हणता येणार नाही. मग उसाच्या जागी घरं आली, घरापुढं फरशी आली, फरशीपुढं ब्लॉक आले. आंब्याची पानं पडून कचरा होतो म्हणून आंबा गेला, पाखरं गाडीवर घाण करतात म्हणून जांभूळ गेलं. हिरवं म्हणून उरलं ते कमानीवरचं नाव, आणि तेही ऑइलपेंटचं. मे महिन्यात त्या ब्लॉकांवर अनवाणी पाऊल टाकलं तर माणूस न शिकता नाचायला लागे.

उरला होता एक पट्टा. कृष्णातरावांची कंपाउंडची भिंत आणि डांबरी रस्ता यांच्या मधला, जेमतेम एक गाडी लागेल एवढा, उघड्या मातीचा. त्यांचं घर कॉलनीच्या सगळ्यात उताराला. वरच्या घरांचं पावसाचं पाणी ब्लॉकांवरून घसरगुंडी खेळत खाली येई आणि या पट्ट्यात मुरे. भिंतीच्या आतल्या अंगाला, पट्ट्याला अगदी खेटून, कृष्णातरावांची बोअर होती. उन्हाळा लागला की बाकीच्या बोअर नुसती हवा ओकायला लागत, आणि अख्खी कॉलनी घागरी, कॅन, बादल्या घेऊन कृष्णातरावांच्या दारात उभी राही. आता गंमत अशी, की पाणी भरता भरता हीच माणसं त्यांना सांगत, "हा पट्टा तेवढा एकदाचा झाकून टाका बघा."

"आवं, गाडी धुवायला किती बरं पडंल!" असं आप्पासो म्हणत. आप्पासो हे शेजारी. बँकेतून निवृत्त झालेले, आणि लग्न असो की मयत, कुणीही न सांगता पुढं होऊन सगळी जुळणी करणारे. "ह्या एका पट्ट्यानं कॉलनीची शोभा जातीया. नळ जरा मोठा सोडा, कॅन भरना लवकर."

समोरची उत्कर्षा घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करी. तिचा सल्ला आधुनिक होता. "अंकल, ब्लॉक नको असतील तर आर्टिफिशियल लॉन टाका. वर्षभर हिरवं. पाणी नको, काही नको. फक्त व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचा."

आणि घरात भामाबाई. त्यांचं म्हणणं साधं होतं. त्या पट्ट्यातला चिखल पायांना लागून घरात येतो, आणि तो पुसायला कृष्णातराव कधी वाकलेले नाहीत. "ब्लॉक घालत्यात तर घालू द्या की. फरशी काय तुमची आई येऊन पुसनार हाय?" या प्रश्नाला कृष्णातरावांच्या दिवंगत आईकडं उत्तर नव्हतं.

कृष्णातरावांचा जन्म एसटीत गेला होता. वाहतूक नियंत्रक म्हणून स्टँडवर माइकसमोर बसून त्यांनी गाड्या सोडल्या होत्या. पाण्याचं शास्त्र त्यांनी शिकलेलं नव्हतं, पण गाडी डेपोत आलीच नाही तर स्टँडवरून सुटणार कुठून, एवढं त्यांना कळत होतं. वरचं पाणी खाली गेलंच नाही तर खालून वर काय येणार? हे त्यांनी आप्पासोंना समजावलं, उत्कर्षाला समजावलं, दूधवाल्याला समजावलं. दूधवाल्याला पटलं, पण त्याला ठरावात मत नव्हतं.

मग ते कार्यालयात गेले. कुठल्या ते सांगत नाही; नाव घेतलं तर तालुक्यातल्या सगळ्याच कार्यालयांना ते आपलंच वाटेल. तिथल्या अभियंत्यानं अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली, आणि तो विचारात पडला.

"काका, यात मागणी काय आहे?"

"माझ्या दारात ब्लॉक बसवू नयेत, ही."

"म्हणजे काम निकृष्ट झालंय?"

"झालंच न्हाई अजून. होऊ नये म्हनतोय."

अभियंता भला माणूस होता. त्यानं कारकुनाला बोलावलं. काम करा म्हणून आलेले अर्ज आवक रजिस्टरात चढतात, काम वाईट केलं म्हणून आलेले तक्रारीत चढतात. काम करूच नका असा अर्ज चढवायचा कुठं, यावर दोघांची बराच वेळ चर्चा झाली. इतक्या वर्षांत तसा अर्ज घेऊन कोणी आलंच नव्हतं. शेवटी कारकून म्हणाला, "घेऊ नये, साहेब. प्रथा पडेल."

निघताना मात्र अभियंत्यानं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "काका, एस्टिमेटमध्ये ती 'मोकळी जमीन' दाखवली आहे. मोकळी जमीन झाकावीच लागते. तिथं बाग असती, तर बाग म्हणून वगळता आली असती."

जिथं जमीन मोकळी असणं हाच गुन्हा, तिथं बाग केलेली काय वाईट! कृष्णातराव परस्पर रोपवाटिकेत गेले, जास्वंद, कण्हेर, कडीपत्ता घेऊन आले, आणि पहार घेऊन पट्ट्यावर उभे राहिले. पहिला घाव घातला तर पहार टण्णदिशी उडून परत आली. कॉलनीतल्या प्रत्येक घराचा बांधकामातला राडारोडा वर्षानुवर्षं याच पट्ट्यावर पडला होता. खणलं तर निघाल्या विटा, टाइलचे तुकडे आणि एक अख्खं वॉशबेसिन. ते आप्पासोंचं होतं. आप्पासोंनी ते लगेच ओळखलं आणि लगेच ओळख नाकारली. कशीबशी खड्डे पाडून लावलेली रोपं दोनच दिवसांत माना टाकून मोकळी झाली. "आर्टिफिशियल रोपं पण मिळतात, अंकल," उत्कर्षानं खिडकीतून कळवलं.

तेवढ्यात ठेकेदार विश्वजीत बुलेटवरून येऊन सांगून गेला, की उद्या सकाळी रोलर घेऊन येतो, पट्टा दाबून घेतो आणि दुपारी ब्लॉक टाकून मोकळा होतो. बोअर आपली एकट्याची नाही, कॉलनीची शेवटची आहे, हे कृष्णातरावांना दिसत होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला म्हणजे कुणालाच दिसत नव्हतं. भामाबाई लोणंदला लेकीकडं, पल्लवीकडं गेलेल्या. बोलायला घरात भांडणसुद्धा नव्हतं.

त्यांनी फोन लावला तात्याबाला. तात्याबा त्यांचा चुलता. ऐंशी पार केलेला, एकटा राहणारा, पाटणच्या बाजूला नदीकाठी स्वतःचं रान स्वतः करणारा. कॉलनीला तो चांगला ठाऊक होता, कारण गेल्याच महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तो इथं राहून गेला होता, आणि गुळगुळीत फरशीवरून पाय घसरल्यावर त्यानं कमानीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत प्रत्येक घराचा नावानिशी उद्धार केला होता.

"तात्या, माती पायजे. ट्रॉलीभर."

"लेका, मग आदी न्हाई का सांगायचं? पुरानं रानात गाळ आनून टाकलाय, लोन्यावानी. सकाळीच भरून निगतो."

कृष्णातरावांचा जीव भांड्यात पडला. माती आली की कॉलनीतल्या चार जणांना बोलावून सकाळीच पट्टा भरायचा, रोपं लावायची. विश्वजीतचा रोलर येईपर्यंत बाग तयार! त्यांनी मोबाइल उघडला आणि निमंत्रण लिहायला घेतलं. आता एसटीचा माणूस पाल्हाळ लावत नाही. गाडीचं नाव, वेळ, फलाट, संपलं. त्यांनी लिहिलं:

'तात्याबाची माती. उद्या सकाळी ९. राहत्या घरी. सर्वांनी यावे. — कृ. शेवाळे'

हा निरोप त्यांनी 'हिरवाई परिवार' या ग्रुपवर टाकला, आणि हात वाढावेत म्हणून 'शेवाळे भावकी व सोयरे' या ग्रुपवरही टाकला. मग फोन चार्जिंगला लावला, आवाज बंद केला, आणि महिनाभरात पहिल्यांदा गाढ झोपले.

आमच्याकडं 'मातीला जाऊन येतो' म्हणणारा माणूस रानात जात नाही, मसणवट्यात जातो. कुणाची माती, किती वाजता, कुठं, हे तीन प्रश्न विचारून टोपी चढवायची आणि निघायचं, ही इथली रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. कृष्णातरावांनाही ठाऊक होती. त्यांनी जन्मात निदान शंभर मात्या केल्या असतील. पण महिनाभर त्यांच्या डोक्यात जी माती भरली होती तिला एकच अर्थ उरला होता. बाकीचा जिल्हा मात्र शुद्धीवर होता.

सकाळी ते लवकर आंघोळीला बसले. मातीत काम करायचं म्हणून जुनं पांढरं धोतर आणि फाटका बनियन घातला. घाईत साबण डोळ्यांत गेला, डोळे लालभडक झाले. तसेच पंच्यानं तोंड पुसत ते बाहेर आले, आणि उंबऱ्यातच थांबले.

अंगण माणसांनी भरलं होतं. भिंतीबाहेर आणखी माणसं होती. इस्लामपूरचा मावसभाऊ, सांगलीचे साडू, तासगावची सोयरी, वरच्या गल्लीतली ती मंडळी जी दिवाळीलाही दार उघडत नाहीत. सगळी पांढऱ्या टोप्यांत, खाली मान घालून, शांत उभी. कृष्णातरावांचा ऊर भरून आला. आपल्या लोकांना मातीची इतकी ओढ आहे, आणि आपण उगीच त्यांना नावं ठेवत होतो!

आप्पासो पुढं झाले आणि त्यांनी कृष्णातरावांना मिठी मारली. असं आजवर कधी झालं नव्हतं.

"लय वाईट झालं, शेवाळेसाहेब."

"वाईट तर झालंच," कृष्णातराव गहिवरून म्हणाले. "पर तुमी आलासा. मला वाटलं, कोन यायचं न्हाई."

"असं कसं? कवापासून हुतं हे?"

"लय दिवस चाललं हुतं. वरनं दाबत गेलं, दाबत गेलं. पार दगड झाला हुता. श्वास घ्यायला जागा न्हवती."

"अरारारा!" आप्पासोंनी टोपी सारखी केली. "बरं, किती वाजता काढायचं?"

"काढायचं कशाला? काढून झालं की. आता टाकायचं."

"कुठं?"

"हितंच. दारात."

आप्पासो घुटमळले. त्यांनी बऱ्याच मयतांची जुळणी केली होती, पण दारात कुणी टाकलं नव्हतं. "आवं, नदीवर नको का?"

"नदीवरनंच तर येतंय. पहाटंच भरलंय ट्रॉलीत."

"ट्रॉलीत?" इस्लामपूरच्या मावसभावाला राहवलं नाही. "आरं कृष्णात, ॲम्ब्युलन्स न्हाई का मिळाली?"

कृष्णातरावांना हा प्रश्न जरा चमत्कारिक वाटला. पण सकाळी सकाळी लांबून आलेल्या माणसाचं काय मनावर घ्यायचं! त्यांचं लक्ष बाहेर गेलं होतं. रोलर आला होता. त्याच्यापुढं बुलेटवर विश्वजीत. पण विश्वजीतनं गर्दी बघितली, गॉगल काढला, हात वर करून रोलर जागच्या जागी बंद करवला आणि खाली मान घालून उभा राहिला. मयताच्या दारात मशीन चालवलं असं एकदा गावात झालं की ठेकेदाराला पुन्हा चांगल्या घरात चहा मिळत नाही. त्यानं कुणाला तरी फोन केला, आणि बघता बघता तालुक्याचे पुढारी 'साहेब' यांच्या वतीनं झेंडूचा हार हजर झाला.

रोलर थांबलेला बघून कृष्णातरावांना इतकं भरून आलं की ते पायरीवर चढून बोलायलाच लागले. "मंडळी, आपन जलमभर हिच्या जिवावर जगलो. खाल्लं, प्यालो, घरं बांधली. पर झाकत गेलो, झाकत गेलो. शेवटी एवढासा तुकडा ऱ्हायला. तोबी आज गेला आसता. मी एकटा हुतो... मला वाटलं, मी एकटाच हाय." मागच्या बाजूला सांगलीच्या साडूंनी डोळे पुसले. 'हिच्या' म्हणजे कुणाच्या, हे कुणाला नीटसं कळलं नाही, पण दुःखात माणसाचं व्याकरण चुकतं हे सगळ्यांनी समजून घेतलं.

एवढ्यात ट्रॅक्टरचा भोंगा वाजला.

गर्दी दुभंगली. काळ्याभोर गाळानं शिगोशीग भरलेली ट्रॉली आत आली. वर, मातीच्या ढिगावर, लाल पटका बांधलेला, एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावलेला तात्याबा मांडी घालून बसला होता. त्यानं एका डोळ्यानं सगळी टोपीवाली मंडळी न्याहाळली. मग घाईनं पटका उतरवला आणि आवाज खाली घेऊन विचारलं, "कुनाची माती रं?"

चिमणी असती तर तिची चिवचिव ऐकू आली असती. पण जांभूळ तोडल्यापासून चिमण्या नव्हत्या.

"तात्या," इस्लामपूरचा मावसभाऊ कसाबसा म्हणाला, "तुमचीच."

"माझी तर हायच की! ट्रॉलीभर आनलीया. आनी कुनाची?"

मग तात्याबाची नजर खाली गेली. भिंतीला टेकून बांबू होते, कामट्या होत्या. गवऱ्यांची पोती, सुतळीचा तोडा, पांढरं कापड, आणि गाडगं. आप्पासोंची जुळणी कधी अपुरी नसे. तात्याबानं ते सामान बघितलं, मग पुतण्याकडं बघितलं. पुतण्याच्या डोक्यात त्याच क्षणी आपल्या निरोपाचा दुसरा अर्थ शिरला, आणि तो पायरीवरून खाली उतरला तो थेट गुडघ्यांवरच.

पुढचा थोडा वेळ कृष्णातरावांच्या आयुष्यातला फार वाईट वेळ होता. मावसभाऊ म्हणाला, तू एसटीत काम केलंस म्हणून शिकलेला आहेस असा आमचा समज होता. तासगावची सोयरी रजा टाकून आली होती. उत्कर्षानं ऑफिसात 'फॅमिली इमर्जन्सी' सांगितली होती. सगळ्यात दुखावले आप्पासो. "दुकानदार सामान परत घेत न्हाई," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आजवर माझी जुळणी कवा वाया गेली न्हाई." त्यांच्या तोंडाकडं बघून तात्याबा जिवंत असल्याचा आनंद कुणाला उघडपणे दाखवता येईना.

आणि विश्वजीतनं गॉगल परत चढवला. "म्हंजे मयत न्हाई? मग रोलर घ्या रं फुडं."

रोलर धडधडला. त्या आवाजानं कृष्णातराव गुडघ्यांवरून उठले. अब्रू गेलीच होती, आता राखायची भानगड नव्हती, आणि अब्रू राखायची नसली की माणूस भलताच मोकळा होतो. ते बनियनवर, लाल डोळ्यांनी, पट्ट्यावर रोलरसमोर जाऊन उभे राहिले. "जमनार न्हाई," ते म्हणाले. "एवढं एकच ऱ्हायलंय. जमनार न्हाई, विश्वजीत." आवाज माइकशिवायचा होता, पण कमानीपर्यंत गेला.

तात्याबा ट्रॉलीवर उभा राहिला. "आन तुमी टोप्या घालून काय तमाशा बघतायसा? माझ्या मातीला आलायसा न्हवं? मातीला आलेला मानूस मूठभर माती लोटल्याबिगर माघारी जातो व्हय? कुठल्या गावची रीत ही? मी मेलो न्हाई ह्यात माझी काय चूक? लोटा माती!"

रीतीचा प्रश्न आला आणि मंडळींची पंचाईत झाली. खरंच, मातीला येऊन तसंच परत जाणं बरं दिसत नव्हतं. सांगलीच्या साडूंनी पुढं होऊन एक मूठ घेतली आणि पट्ट्यावर टाकली, आणि सवयीनं हात जोडले. मग दुसऱ्यानं टाकली. तिसऱ्यानं ट्रॉलीचा मागचा फाळका उघडला, माती भसाभस खाली आली, आणि मूठ सोडून लोकांनी घमेली, पाट्या धरल्या. कुणीतरी वरच्या गल्लीतून खोरी आणली. विटा, टाइल, वॉशबेसिन बाजूला निघालं. रोलरचा ड्रायव्हर समोर एवढी माणसं बघून मशीन बंद करून पान खायला बसला.

"आन हे सामान?" आप्पासो रडकुंडीला येऊन म्हणाले.

"माझ्या नावाचं हाय, मी वापरतो," तात्याबा म्हणाला. बांबू आणि कामट्यांचा त्यानं भिंतीला मांडव करवला आणि रानातून आणलेल्या दोडक्याचे वेल त्याखाली लावले. गवऱ्या कुस्करून मातीत मिसळल्या. गाडग्याच्या बुडाला भोक पाडलं, त्यात चिंधी कोंबली, आणि ते कडीपत्त्याच्या मुळाशी गळ्यापर्यंत पुरलं. भरून ठेवलं की थेंबथेंब पाणी मुळाला जातं म्हणाला. पांढरं कापड जास्वंदीवर सावलीला बांधलं. आपण आणलेली एक एक वस्तू कारणी लागताना बघून आप्पासोंचा चेहरा हळूहळू उजळला. सुतळीच्या गाठी त्यांनी स्वतः मारल्या, आणि त्या गाठी मारण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. साहेबांचा हार तात्याबानं गळ्यात घातला. "हयातीत कुनी घातला न्हवता," तो म्हणाला.

अशा वेळी कमानीतून रिक्षा आली आणि रिक्षाच्या आधी हंबरडा आला. "आवं माज्या मामंजी! कसं वो सोडून गेलासा..." भामाबाई ग्रुपवरचा निरोप वाचून लोणंदहून पहिल्या गाडीनं निघाल्या होत्या. नवरा फोन उचलत नव्हता, म्हणून वाटभर जमेल तेवढं रडून घेतलं होतं. त्या पदर तोंडाला लावून उतरल्या, आणि समोर मामंजी गळ्यात हार, हातात पाटी घेऊन उभे. हंबरडा मधेच तुटला. "आवं... हे..." मग सगळा प्रकार त्यांना सांगण्यात आला. त्यांनी नवऱ्याकडं असं बघितलं, की त्या नजरेपुढं रोलर बरा. "एवढ्या लांबनं मी रडत आले! अख्खा डबा माझं सांत्वन करत हुता!"

विश्वजीतला हीच संधी दिसली. मघापासून तो अभियंत्याशी फोनवर बोलत होता. "काकू, साहेब म्हनत्यात बाग वगळता येती, पर कालची पायजे, आत्ता केलेली चालत न्हाई. आन तुमीच तर मला म्हनला हुता, ब्लॉक लवकर टाक म्हनून. सांगा ह्या मान्सांना बाजूला व्हायला."

सगळे भामाबाईंकडं बघायला लागले. बाई खरंच तसं म्हणाल्या होत्या, आणि एकदा म्हटलेलं बाई मागं घेत नाहीत, हा कृष्णातरावांचा संसारभराचा अनुभव होता.

"व्हय, म्हनले हुते," भामाबाई म्हणाल्या. "चिखल मला पुसावा लागतोय म्हनून म्हनले. आन ही सगळी कॉलनी उन्हाळाभर माझ्या दारात घागर घिऊन हुबी असती, तिला पानी कोन देतंय? ही बोअर आटली तर तू आनून देनार हैस, रोज? तुझा साहेब देनार हाय? चिखल पुसीन मी. आन आता ह्यांनाबी पुसायला लावते." एवढं बोलून लोणंदची पिशवी बाजूला ठेवून, चांगलं लुगडं सावरून, त्या ओल्या काळ्या मातीत फतकल मारून बसल्या. लगेच शेजारी उत्कर्षा बसली. मग आप्पासो बसले, जरा कण्हत. टोप्या घातलेली सगळी पंगत रोलरसमोर बसली. कृष्णातराव उभेच राहिले. गुडघे मघाच फुटले होते, आणि डोळे आता साबणानं लाल नव्हते.

विश्वजीतचा आवाज जरा नरमला. "तात्या, किती दिवस बसनार हैसा असं? वर्क ऑर्डर हाय माझ्याकडं. आज न्हाई तर उद्या ह्या मातीवर ब्लॉक पडनारच."

तात्याबानं पाटी खाली ठेवली. हार सारखा केला.

"आरं, सांगली-साताऱ्याला ठाव झालंय आता, ही तात्याबाची माती हाय. हिच्यावर ब्लॉक घालायचा आसंल तर आदी मला मरावं लागंल. आन मला सवड न्हाई. कडवळ कापायचं ऱ्हायलंय आन म्हस गाभन हाय."

पहिल्यांदा रोलरचा ड्रायव्हर हसला. मग तो पान थुंकून वर चढला आणि कुणी न सांगता त्यानं मशीन मागं घेतलं. विश्वजीत त्याच्यावर ओरडला, फोनवर ओरडला, आणि शेवटी बुलेटला लाथ मारून म्हणाला, "उद्या परत येतो!"

"ये," कृष्णातराव म्हणाले. "येताना पाटी घिऊन ये."